हौदाची माती

“आधी माती दाबा, मग काय बोलायचं ते बोला,” म्हणत रावजी वस्ताद मैदानात आले, तेव्हा महिपती उताणा पडून हसत होता. त्याचा उजवा गुडघा चांगला चार बोटं फाटला होता. कॉर्नरची खूण म्हणून आम्ही गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा जमिनीत रोवत असू. बॉल वाचवायला तो त्या पत्र्यावरून घसरला होता.

“वस्ताद, हौद तिथंच ठेवा, मीच येतो की चालत,” महिपती म्हणाला.

“गप पड. हसतोय बघा गाढव.”

वस्तादांच्या धोतराच्या सोग्यात तालमीच्या हौदातली, कुस्ती खेळतात त्या खड्ड्यातली, लाल माती होती. त्या मातीत वर्षानुवर्षं ताक, हळद, लिंबू आणि तेल घालून ती मळलेली होती. या मातीनं मैलारी तालमीच्या तीन पिढ्यांच्या जखमा भरल्या, असं पेठेत सांगत. ज्यांच्या भरल्या नाहीत ते सांगायला आले नसावेत. वस्तादांनी मूठभर माती गुडघ्यावर दाबून धरली आणि वरून आपल्याच पटक्याची चिंधी बांधली. रक्त थांबलं, तशी भोवती उभ्या असलेल्या पोरांनी कौतुकानं माना हलवल्या.

“आता दवाखान्यात जाऊन सुईपण घेऊन ये,” वस्ताद म्हणाले. “पत्रा गंजलेला हाय. कॅप्टन, तू जा ह्याच्यासंगं. एकटा सोडलास तर वाटेतनं पळून यील.”

कॅप्टन मी होतो. “व्हय वस्ताद,” म्हणालो, महिपतीला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि निघालो. तासाभरानं आम्ही परत आलो, तेव्हा वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर बसले होते.

“घेतली सुई?”

“घेतली,” मी म्हणालो. महिपतीनं चिंधी जरा वर सरकवली आणि बूट बांधायला खाली वाकला.

ही एकोणीसशे एकोणऐंशीची गोष्ट, एप्रिलचा पहिला शुक्रवार. परवा तालमीची पोरं माझ्या घरी आली होती. फुटबॉल टीमला पंच्याहत्तर वर्षं होतायत, स्मरणिका काढायची आहे, आणि आमचा एकुलता एक कप ज्या वर्षी आला त्या वर्षाबद्दल मी लिहावं असं त्यांचं म्हणणं होतं. मी दीड पान लिहून दिलं. गोल कुणी मारला, मैदानात किती माणूस होतं, मिरवणूक कुठून कुठं गेली, सगळं आलंय त्यात. पोरं खूश झाली. महिपतीबद्दल मी एक ओळ लिहिली, की विजयानंतर अल्पशा आजारानं त्याचं निधन झालं. सत्तरी उलटलेल्या माणसानं आणखी किती खोटं लिहायचं, असा विचार पोरं गेल्यावर आला, म्हणून हे वेगळं लिहितोय.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे. आत हौदात मल्ल, माळ्यावर गणपतीचं सामान, आणि बाहेर कट्ट्यावर फुटबॉलची टीम. पेठेतल्या पोराला चालता यायला लागलं की त्याच्यापुढं बॉल टाकतात. पगार नाही, बिदागी नाही, बूटसुद्धा ज्याचे त्यानं घ्यायचे. पण हरलं तर दुसऱ्या पेठेतून सायकलवरून जाता येत नाही. आमची टीम त्या वर्षापर्यंत एकतीस वर्षं खेळत होती आणि कप एकही नव्हता. दोनदा फायनलला जाऊन हरलो होतो. तोफखाना तालमीची पोरं आमच्या तालमीला ‘उपवाशी तालीम’ म्हणत. मी सव्वीस वर्षांचा, उद्यमनगरात लेथवर कामाला. मशीनवर उभं राहूनही माझ्या डोक्यात तेच चालायचं. कप आणायचा, आणि माझ्या कॅप्टनकीत आणायचा. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला दुसरं काही नकोच होतं.

आणि महिपतीशिवाय ते होणार नव्हतं. महिपती पोवार आमचा स्टॉपर, गोलापुढं उभा राहून बॉल अडवणारा. वय बावीस. बाप लहानपणीच गेलेला. आई हौसाकाकी, दोन म्हशी पाळायची आणि रोज संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाईकासमोर दूध काढून द्यायची. महिपती वैरण आणायचा, म्हशी धुवायचा आणि उरलेला सगळा वेळ माझ्या मागं मागं असायचा. बॉल कसा अडवायचा हे त्याला मीच शिकवलं होतं. मी म्हटलं “विहिरीत उडी घे” तर “कुठल्या?” एवढंच त्यानं विचारलं असतं.

शनिवारी सेमीफायनल होती. गुडघ्याला पट्टी गुंडाळून तो खेळला आणि आम्ही दोन-एकनं जिंकलो. फायनल पुढच्या रविवारी. त्या आठवड्यात त्याची जखम वरून छान सुकली. वस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा गुडघा दाखवत, जणू हौदात पिकवलेला आंबा. “बघा, मातीचा गुण. टाका घालावा लागला न्हाई.”

रविवारी सकाळी हौसाकाकीनं त्याच्यासाठी शिरा केला होता, पण त्यानं नुसतं दूध पिलं. दुपारी स्टेडियमच्या मागं आम्ही कपडे बदलत होतो तेव्हा आमचा गोलकीपर सदू त्याला म्हणाला, “काय रं, तोफखान्याचं नाव ऐकून दातखिळी बसली काय? सकाळधरनं तोंड उघडलं न्हाईस.”

महिपती दात न उघडता हसला. मी त्याला बाजूला घेतलं.

“काय होतंय?”

“मान आखडलीया, दिनूदा. जबडा पण धरलाय. काल वैरणीचा भारा जरा मोठा उचलला.”

“खेळतोस न्हवं?”

“खेळतो की. त्येला काय झालंय.”

मी त्याच्या मानेला बाम चोळला. मान लाकडासारखी लागली हाताला. मी आणखी जोरानं चोळली. माझ्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. मला फक्त स्टॉपर दिसत होता.

त्या मॅचमध्ये त्यानं एकही बॉल डोक्यानं मारला नाही. छातीवर घेतले, मांडीवर घेतले, पोटावर घेतले. आमचा गोल उत्तरार्धात झाला आणि शेवटची वीस मिनिटं तोफखान्यानं आमच्यावर नांगर धरला. एकही बॉल महिपतीच्या पुढं गेला नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी मैदानात गुडघ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. कपासोबतचा फोटो अजून तालमीत आहे. त्यात सगळ्यात मोठं हसू महिपतीचं आहे, दात दाबून, ओठ कानापर्यंत ताणलेले. ते हसू नव्हतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मिरवणूक निघाली. हलगी, घुमकं, गुलाल. महिपतीला चौघांनी खांद्यावर घेतलं होतं. तालमीच्या दारात आलो तसे हलगीवाले अगदी जवळ आले, आणि हलगी कडाडली तसा महिपती मागं वाकला. डोकं आणि टाचा मागं, छाती धनुष्यासारखी वर. दात करकरले. खांद्यावरून तो खाली आला, लोकांनी झेलला.

“अंगात आलं,” कुणीतरी म्हणालं. “मैलारी आला अंगात.”

हात जोडले गेले. कुणी भंडारा आणला, कुणी त्याच्या पायावर पाणी घातलं. एकतीस वर्षांनी कप आला होता, देव येणारच, यात कुणालाही नवल वाटलं नाही. मलाही नाही. मीही हात जोडले. “वाजवा, थांबू नका,” वस्ताद म्हणाले. हलगी वाढली आणि तो परत वाकला. थांबली की सैल पडायचा, वाजली की वाकायचा. डोळे मात्र उघडे होते आणि ते माझ्याकडं बघत होते. देव आलेल्या माणसाचे डोळे तसे नसतात. मला ते दिसलं आणि तरी मी हलगी थांबवली नाही.

हौसाकाकी कट्ट्यावरनं धावत आली. हाताला दुधाचा फेस तसाच होता. तिनं गर्दीत घुसून लेकाचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी त्याचे कान झाकले आणि म्हणाली, “बंद करा ते. माझं पोर दुखणाईत हाय. देव न्हाई ह्यो.”

मोठ्या दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुडघा बघितला, खपली काढली, आत लाल माती तशीच होती.

“धनुर्वात आहे,” ते म्हणाले. “जखम कधीची?”

“नऊ दिवसांची.”

“इंजेक्शन घेतलं होतं का? खरं सांगा, त्यावर पुढचं ठरवायचंय.”

व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. “नाही,” मी म्हणालो.

डॉक्टर वळून आत गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी जिन्यापाशी आलो. तिथं हौसाकाकी बसली होती, शेजारी वस्ताद, मागं टीमची सगळी पोरं, अंगावर गुलाल तसाच. काकीनं वर बघितलं.

“दिनकर, तू नेला व्हतास त्याला सुईला. दिली व्हती न्हवं सुई?”

सगळे माझ्याकडं बघत होते. वस्तादही.

“दिली होती काकी,” मी म्हणालो. “लागू पडली न्हाई.”

तीन दिवस तो तसा होता. जरा आवाज झाला की अंग वाकायचं. भांडं पडलं, दार वाजलं, की झालं. डॉक्टरांनी शांतता सांगितली म्हणून आमची पोरं दवाखान्याबाहेरच्या रस्त्यावर आळीपाळीनं उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला, टांग्याला हात जोडून सांगायची, हॉर्न नको, घंटा नको. पेठेत तीन दिवस कुणी रेडिओ लावला नाही. बुधवारी पहाटे तो गेला. शुद्धीवर होता शेवटपर्यंत, असं डॉक्टर म्हणाले. धनुर्वातात शुद्ध जात नाही. मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं, निदान त्याला काही कळत नसेल.

मातीची माणसं मातीला कशी दोष देणार? दहाव्यालाच वस्ताद म्हणाले, “जखम तर सुकली व्हती. सगळ्यांनी बघितलीया. सुई बाधली त्याला.” ते माझ्या ‘लागू पडली नाही’मधूनच निघालं होतं, फक्त एक पाऊल पुढं गेलं होतं. महिन्याभरात पेठेत तेच कायम झालं. महिपतीला सुई बाधली. वस्तादांचा चेहरा ते बोलताना मोकळा व्हायचा, म्हातारा माणूस त्यावर जगत होता, आणि मी गप्प बसलो. पुढच्या सीझनला दोघा-तिघांना लागलं, पोरं हौदाकडं गेली, दवाखान्याकडं कुणी गेलं नाही. त्यांना काही झालं नाही, यात माझी काही पुण्याई नव्हती.

हौसाकाकी मला काही बोलली नाही कधी. उलट माझ्या घरचं दूध तिच्याकडूनच येई आणि मापापेक्षा जास्तच येई. “माझ्या लेकाला दवाखान्यात नेणारा तू एकटाच,” म्हणायची. त्या दुधाचा चहा मला गोड लागत नसे, पण ते बंद करायला कारण काय सांगणार?

दीड वर्षानं, दिवाळी होऊन गेल्यावर, एका सकाळी मी तालमीत एकटा होतो. कामावर दुसरी पाळी होती. काकी दारात आली. तालमीत बायका येत नाहीत, ती उंबऱ्याबाहेरच थांबली. डाव्या हाताला लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

“विळा लागला वैरण कापताना,” ती म्हणाली. “वस्ताद हाईत?”

“गावाला गेलेत. दाखवा बघू.”

तिनं तुकडा सोडला. तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरला होता, आणि त्यात गोठ्यातलं शेण गेलेलं दिसत होतं.

“चला काकी, दवाखान्यात जाऊ. सुई घ्यायला पायजे.”

“सुई नगं.” तिनं हात मागं घेतला. “सुईनं माझा लेक गेला. मूठभर माती दे मला हौदातली, मी जातो. म्हशी खोळंबल्यात.”

“काकी, माती न्हाई लावायची.”

“का? त्याची जखम मातीनंच भरली व्हती. तू पण बघितलीयास.”

मी आत बघितलं. हौद चार पावलांवर होता. मूठभर माती दिली असती तर ती गेली असती आणि मी आयुष्यभर गप्प राहिलो असतो. कदाचित तिला काही झालंही नसतं. मी खाली बसलो, उंबऱ्याच्या आत, तिच्या पायांपाशी.

“काकी, महिपतीला सुई दिलीच न्हवती.”

तिनं वाकून माझ्याकडं बघितलं.

“आम्ही दवाखान्यात गेलो व्हतो. बाकड्यावर बसलो व्हतो. आमच्याफुडं माणसं व्हती. मला वाटलं, सुईनं ताप भरतो, अंग जड पडतं. दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. मी त्याला म्हटलं, चल उठ, फायनल झाली की घेऊ. तो म्हणत व्हता, घेऊन टाकतो की दिनूदा, आलोच हाय तर. मी म्हटलं, उद्या ताप भरला तर स्टॉपरला कोण उभारणार? मग उठला तो. वाटेत आम्ही दोघांनी सोडा पिला. वस्तादांना खोटं मीच सांगितलं. तुम्हाला पण.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. काकीच्या हातातलं रक्त उंबऱ्यावर पडत होतं आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

“त्यानं सांगितलं न्हाई मला,” ती म्हणाली.

“मी सांगू नको म्हटलं व्हतं.”

“घेतली असती तर जगला असता?”

इथं मी ‘कुणास ठाऊक’ म्हणू शकलो असतो. “व्हय,” मी म्हणालो.

मला वाटलं ती मारेल, शिव्या देईल, पेठ गोळा करेल. मी त्याला तयार होतो, खरं तर मला तेच हवं होतं. तिनं दातात धरून लुगड्याचा तुकडा परत हाताला गुंडाळला.

“उठ,” ती म्हणाली. “फुडं हो.”

“कुठं?”

“दवाखान्यात. त्याला बसवला व्हतास त्याच बाकड्यावर बसायचं. माझी पाळी येईपतूर उठायचं न्हाई.”

आम्ही चालत गेलो. ती माझ्या मागं चार हात ठेवून चालली. दवाखान्यात बाकडं तेच होतं, भिंतीला टेकलेलं. पुढं गर्दी होती. एक बाई रडक्या पोराला घेऊन बसली होती, एक म्हातारा खोकत होता. एकेक जण आत जायचा आणि आम्ही एकेक जागा पुढं सरकायचो. काकी समोरच्या भिंतीकडं बघत होती. मी उठलो नाही. तहान लागली तरी उठलो नाही.

कंपाउंडरनं वहीत नाव लिहिलं आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, “हे कोण तुमचे?”

“माझ्या लेकाचा कॅप्टन हाय,” ती म्हणाली.

आत तिनं स्वतःच पदर सरकवून दंड पुढं केला. जखम धुताना तिनं हूं केलं नाही. सुई टोचली, बाहेर काढली, कापसाचा बोळा दाबला. पत्र्याच्या ट्रेमध्ये सुई टाकल्याचा आवाज झाला. कंपाउंडर म्हणाला, “झालं. दोन दिवस दंड दुखेल जरा.”

बाहेर पायरीवर ती थांबली. भिंतीवरच्या घड्याळाकडं तिनं बघितलं. तिला घड्याळ कळत नव्हतं.

“किती येळ लागला?” तिनं विचारलं.

“बसलो त्यापासून? पाऊण तास.”

“आनि सुईला?”

“मिनिटभर.”

तिनं मान हलवली. दंडावरचा कापूस काढून बघितला आणि परत दाबून धरला.

“एवढंच व्हतं व्हय, दिनकर,” ती म्हणाली, आणि म्हशी सोडायला निघून गेली.